शरीफामावशीचा येडा मास्तर

तासगावच्या शरीफामावशीनं मला घरात घेतलं नसतं, तर हे लिहायला मी उरलो नसतो. ही गोष्ट सगळ्यात आधी सांगून टाकतो, कारण पुढं ज्या माणसाबद्दल लिहायचं आहे तो फार जागा अडवणारा आहे. एकदा का तो पानावर ऐसपैस बसला की मावशीला टेकायला कोपरासुद्धा उरायचा नाही. जिवंतपणी त्यानं तेच केलं, आणि मेल्यावरही करतोच आहे. त्याच्या नावाचा रस्ता आहे, सभागृह आहे, चौकात बोट वर करून उभा असलेला पुतळा आहे. त्याचं नाव मी लिहिणार नाही. पाट्या रंगवणारे पुष्कळ आहेत, त्यांत माझी भर नको. छापखान्यात आम्ही त्याला संपादक म्हणायचो, तेवढं पुरे. सगळं आयुष्य त्याला 'साहेब' म्हणण्यात गेलं. आता म्हातारपणी एकेरीवर येतो आहे, आणि खरं सांगू, लिहिताना अजूनही मागं वळून दाराकडं बघतो.

तर मावशी. ठेंगणी, सावळी, नऊवारी लुगडं, तोंडात पानाचा तोबरा, आणि भुवयांवर कायम कापसाचे तंतू, त्यामुळं तरुणपणीच म्हातारी दिसायची. तिचा नवरा दस्तगीर, आमचे दस्तूचाचा, जातीनं आणि धंद्यानं पिंजारी. लोकांच्या गाद्या-दुलयांत दडपून ढेकळं झालेला कापूस उसवायचा, पिंजून मोकळा करायचा आणि पुन्हा भरून द्यायचा, हे त्यांचं काम. ते गावोगाव हिंडायचे. असेच एकदा सांगलीत आमच्या छापखान्याच्या मालकाच्या गाद्या पिंजायला आले होते. मी तेव्हा कागदाच्या कपट्यांच्या ढिगावर हिवतापानं फणफणत पडलो होतो. माझं गाव कुडाळच्याही पलीकडं, तळकोकणात. वडील गेले आणि शाळा चौथीतच सुटली. गावचा एक माणूस सांगलीला निघाला होता, त्याच्याबरोबर आईनं घाट चढवून पाठवून दिलं. छापलेल्या वर्तमानपत्राच्या घड्या घालायच्या, गठ्ठे बांधायचे, ही माझी नोकरी. तापात मी 'आवशी, माका पाणी' असं बडबडत होतो, आणि छपाईचे खिळे जुळवणारी मंडळी त्या 'माका'ला हसत होती. चाचांनी मालकाला विचारलं, "ह्ये पोरगं मराया टाकलंया व्हय?" मालक म्हणाला, "कोण आहे त्याचं इथं?" चाचा म्हणाले, "कोन न्हाई म्हनूनच इचारतोय." आणि मला उचलून कापसाच्या बोचक्यांवर घातलं आणि बैलगाडी तासगावला हाकली.

त्या घराचा आवाज माझ्या कानात अजून आहे. आढ्याला टांगलेली माणसाएवढी पिंजण, धनुष्यासारखी. तिच्या ताणलेल्या तातीवर लाकडी ठोकणं पडलं की 'टँव्… टँव्… टँव्' असा आवाज सगळ्या गल्लीत घुमायचा. खाली कापूस उडायचा, दारातून येणाऱ्या उन्हात तरंगायचा आणि आमटीत, पाण्यात, पानाच्या डब्यात कुठंही बसायचा. मावशी म्हणायची, "पिंजाऱ्याच्या घरात जेवलास, आता मेल्यावर कफनाला कापड लागायचं न्हाई, पोटातच भरलंय." हुलग्याचं माडगं पाजून तिनं मला उभं केलं. ताप उतरल्यावर मी भाकरीकडं बघून रडायला लागलो. मी भातावर वाढलेला, ज्वारीची भाकरी घशाखाली उतरेना. तांदूळ तर तेव्हा रेशनच्या दिवसांत गरिबाला दिसायचा नाही. दुसऱ्या दिवशी मावशीनं जात्यावर ज्वारी भरडली, तिच्या कण्या भातासारख्या मऊ शिजवल्या, वर ताक घातलं आणि म्हणाली, "डोळं झाक आन् खा. तुजा भातच हाय असं समज, कोकण्या." कोकण्या हे माझं नाव तिथंच पडलं. मी डोळे झाकून खाल्लं. आज माझ्या घरात चार तऱ्हेचे तांदूळ येतात, पण तसा भात पुन्हा जेवलो नाही.

भाषाही तिनंच शिकवली. 'माका' म्हटलं की गल्लीतली पोरं मागं लागायची. मी मुळातच भित्रा, तोंड उघडायलाच घाबरू लागलो. मावशी म्हणाली, "आरं, बोली म्हंजी पायताण. गावात कुनाच्याबी दारात जायाचं तर घालावं, घरात आलं की काढावं. लाज कसली त्यात?" महिनाभरात मी 'हाय', 'न्हाई', 'कवा', 'तवा' करायला लागलो. मग परत सांगलीला छापखान्यात गेलो, तेव्हा मला कुणी हसलं नाही.

आता संपादक. त्याचं साप्ताहिक सांगलीत छापायचं कारण असं, की सांगली संस्थानात होती आणि सातारा जिल्हा इंग्रजांचा. इकडं बसून तिकडं दगड मारायचे, असा तो धंदा. अग्रलेख मात्र खरंच जळजळीत असायचे, ते नाकारत नाही. 'शेतकऱ्याच्या घामाला', 'झोपडीतल्या माउलीला' असं लिहिताना त्याच्या लेखणीला कंप सुटायचा म्हणे. प्रत्यक्ष शेतकरी कुणी कार्यालयात आला तर त्याला चपला बाहेर काढायला लावायचा, आणि तो बोलत असताना मध्येच थांबवून त्याचे शब्द दुरुस्त करायचा. ही त्याची खोड. मुद्रितं तपासता तपासता त्याचं डोकं असं झालं होतं की समोरच्याच्या तोंडातून अशुद्ध शब्द पडला की याचा जीव कासावीस व्हायचा. "'आनि' नव्हे, 'आणि'. 'इस्तू' नव्हे, 'विस्तव'." एकदा एक बाई आपला मुलगा तुरुंगात मार खाऊन पडल्याचं सांगायला आली. ती 'तुरंग' म्हणाली. यानं आधी 'तुरुंग' असं सांगितलं, आणि मग खुर्ची पुढं केली.

पुढं चळवळीचे दिवस आले, संस्थानावर वरून दाब आला, छापखान्याला कुलूप लागलं. साताऱ्याच्या पोलिसांना हवा असलेला संपादक माझ्याकडं बघून म्हणाला, "तुझी कुठं ओळख आहे का रे खेड्यात?" मोठमोठ्या वकील-डॉक्टरांच्या घरी जेवणारा माणूस, आणि वेळ आल्यावर त्याला ओळख माझी! मी मावशीकडं घेऊन गेलो. तासगाव इंग्रजी हद्दीत, म्हणजे वाघाच्याच गुहेत. पण याला वाटलं, दिव्याखाली अंधार असतो. मावशीनं एवढंच विचारलं, "ह्येनी काय केलंया?" मी म्हटलं, "सरकारच्या विरुद्ध लिहिलंया." ती म्हणाली, "लिवलंच हाय न्हवं? मग ऱ्हाऊ दे की."

हिंदू-मुसलमान एक, यावर याचा एक लेख होता. तो मी स्वतः घड्या घालून गठ्ठ्यांत बांधलेला. पण मावशीच्या हातचं हा खाईना. "पोट ठीक नाही" म्हणायचा आणि फुटाणे, केळी, दूध यांवर राहायचा. दूध मात्र निरसं लागायचं, आणि तेही मी हिंदू गल्लीतून आणलेलं. मावशीच्या लक्षात आलं नसेल असं नाही. ती मला म्हणाली, "तुज्या संपादकाचं प्वाट लय शानं हाय बग. कुनाचं काय पचवायचं त्येला बरोबर ठावं." आणि हसून तोबरा थुंकायला बाहेर गेली.

गल्लीला सांगायचं ठरलं की हा पाटणकडचा शेतकरी, मुलीच्या लग्नाच्या गाद्या भरून घ्यायला आलाय. त्याला धोतर, पटका, घोंगडं दिलं. राहिली बोली. ती शिकवायचं काम माझ्याकडं आलं. पिंजणीच्या खोलीत मी त्याच्यासमोर बसायचो, दोघांच्या डोक्यावर कापूस पडत असायचा.

"म्हणा, 'म्या न्हाई बगितलं'."

"'मी पाहिलं नाही' हे त्यालाही कळेल की."

"कळंल. पन तुमी कोन हायसा त्येबी कळंल."

"हे बघ, 'म्या' हे रूप व्याकरणात…"

कोपऱ्यातून मावशी म्हणायची, "सायेब, तुमचं येकरन जरा भाईर ठिवा. पोलीस आला की त्येला बसाया दिऊ."

चाचा पिंजण थांबवून हसायचे. हा हसायचा नाही. त्याला वाटायचं, आपण अज्ञानाशी लढतो आहोत. आठवडाभर शिकवूनही 'न्हाई' म्हणताना तो 'न्' आणि 'हाई' अशी शब्दाची दोन टोकं चिमट्यात धरून बोलायचा, मेलेला उंदीर शेपटीनं उचलावा तसा. शेवटी मावशीनं फर्मान काढलं, "ह्येनी बोलायचंच न्हाई. कुनी काय इचारलं तर निस्तं 'हूं'." त्यालाही ते पटलं. झोपडीतल्या माउलीचं एवढं एकच म्हणणं त्याला कधी पटलं असेल.

दुपारची वेळ होती. चाचा बाहेरगावी गेले होते. मावशी पिंजलेला कापूस हातानं विंचरत होती, मी खोळीला टाके घालत होतो आणि संपादक कापसाच्या ढिगाला टेकून घोंगडं पांघरून बसला होता. दारात बूट वाजले. हवालदार आणि त्याच्याबरोबर एक शिपाई. हवालदार चांगलाच जाडा, मिशा ओठांवर लोंबणाऱ्या, घामानं भिजलेला. सगळ्या गल्लीत घरोघर जाऊन तो सरकारचा जाहीरनामा वाचून दाखवत होता. माझ्या हातातली सुई बोटात गेली ती मला कळलीच नाही. त्यानं कागद डोळ्यांपासून लांब धरला आणि अडखळत वाचायला लागला, "सर्व लोकांस ताकीद देन्यात येती की, जो कोनी राज्यद्रोई इसमास थारा देईल…"

"राजद्रोही," ढिगातून आवाज आला. "राज्यद्रोई नव्हे."

मावशीचा हात कापसात थांबला. हवालदारानं कागद खाली केला. ज्या एका शब्दासाठी पोलीस ह्याला शोधत हिंडत होते, तोच शब्द ह्यानं त्यांना सुधारून दिला होता! आज लोक विचारतात, त्या दिवसांत सगळ्यात मोठं धाडस कोणतं पाहिलंत? मी म्हणतो, धाडस आणि खोड यांतला फरक ज्यांना कळत नाही त्यांना काय सांगावं.

"कोन रं ह्यो?" हवालदार पुढं सरकला.

मावशीनं कपाळावर हात मारून घेतला. "आवं हवालदारसायेब, त्येच्या नादी नगा लागू. शाळंत मास्तर व्हता. डोस्कं फिरलंया बिचाऱ्याचं. भावानं आमच्या मानसाच्या हवाली केलाय, मिरजंच्या दर्ग्याला न्यायाचा हाय. कुनी काय बोललं की दुरुस्त करतोय बगा. मी आल्लाचं नाव घेतलं तरी म्हनतोय, अल्ला म्हना."

हवालदारानं मिशीवरून हात फिरवला. त्याला पटलं नव्हतं. "काय रं मास्तर, 'पानी' म्हन."

मी मनात म्हटलं, आता तरी ह्यानं गप्प बसावं.  पण ते शक्यच नव्हतं.

"पाणी."

"'लोनी'?"

"लोणी."

"'हिरीत पडला'?"

"विहिरीत पडला." आता आवाजात राग होता, अगदी खराखुरा. वर्गात उनाड मुलं मास्तराला छळतात तसा तो चिडला होता.

शिपायालाही चेव आला. "हवालदार, माज्या बायकूचं नाव घालू का? मास्तर, 'गोदाबाय'!"

"गोदाबाई! बाई! दीर्घ ई आहे तिथं!" संपादक ओरडला, आणि ओरडताना पटक्यातून कापसाचा मोठा पुंजका त्याच्या नाकावर पडला.

दोघं पोट धरून हसायला लागले. हवालदाराच्या डोळ्यांत पाणी आलं. मावशीसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. ती खरंच हसत होती, मी बाजूलाच होतो. मग हवालदाराची नजर माझ्याकडं वळली. "आन् तू कुनाचा रं?"

माझ्या जिभेवर महिनोन्‌महिने घोटलेलं सगळं त्या क्षणी पुसलं गेलं. तोंडात आला तो फक्त 'माका'. आईचा शब्द. पोलीस संपादकाबरोबर छापखान्यातल्या फरारी कोकण्या पोरालाही शोधत होते; तो शब्द बाहेर पडला असता तर ती चौकशी तिथंच संपली असती. माझे ओठ हललेही होते. मावशी म्हणाली, "माज्या भनीचा ल्योक. जल्माचा मुका हाय."

हवालदार जाता जाता म्हणाला, "ब्येस घर हाय तुजं, पिंजारणी. येक लय बोलतोय आन् येक बोलतच न्हाई. जरा हिकडचं तिकडं वाटून घाल."

बूट लांब गेल्यावर मी मावशीच्या पायांशी बसलो आणि हुंदके द्यायला लागलो. तिनं माझ्या बोटातली सुई काढली, रक्त पुसलं, वर कापूस लावला. संपादक उठून उभा राहिला. मला वाटलं, आता हा माणूस पाया पडेल, निदान हात जोडेल. तो म्हणाला, "तुम्ही प्रसंगावधान दाखवलंत. पण 'डोस्कं फिरलंय' हा प्रयोग फार ग्राम्य आहे. 'भ्रमिष्ट' म्हणता आलं असतं." मावशी त्याच्याकडं बघून म्हणाली, "म्हनलं असतं. पर हवालदाराला मंग तुमीच त्येचा अर्थ सांगत बसला असता."

दुसऱ्या दिवशी तो सांगलीला, विश्रामबागेत एका वकिलाच्या बंगल्यात राहायला गेला. तिथं त्याचं पोट एकदम बरं झालं. पुढं तिथंच पकडला गेला, तुरुंगात गेला, तिथं त्याला लिहायला कागद आणि प्यायला दूध मिळालं, आणि हार घालून बाहेर आला. मी मावशीकडंच राहिलो. बाहेर पडलो की मुका, घरात आलो की बडबड्या. गल्लीला खरं ठाऊक होतं, पण कुणी फोडलं नाही. प्रत्येक शब्दाला भिणाऱ्या माझ्यासारख्याला त्या मुकेपणात जेवढी शांत झोप लागली तेवढी नंतर कधी लागली नाही.

स्वराज्य आलं आणि संपादक मंत्री झाला. तासगावात बाजाराच्या पटांगणावर त्याचा सत्कार होता. मी, मावशी, चाचा तिघंही गेलो. खादीची टोपी, अंगाला थोडं मांस चढलेलं. माइकसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "आमी शेतकरी मानसं! आमी लय सोसलं हाय!" मी चाचांकडं पाहिलं, चाचांनी माझ्याकडं. आठवडाभर डोकं फोडून जे त्याच्या जिभेवर बसलं नाही, ते मतांसाठी आपोआप बसलं होतं. आणि तेही धड नाही, 'आमी लय जनतेचं सेवक हाय' असलं काहीतरी. पुढचे शेतकरी खाली मान घालून हसत होते. मग त्यानं तासगावचीच आठवण सांगितली. पोलिसांनी घर वेढलं. यानं क्षणात वेड्याचं सोंग घेतलं. "घरची बिचारी पिंजारीण थरथर कापत होती. मी डोळ्यांनीच तिला धीर दिला."

आजूबाजूच्या बायका मावशीकडं बघायला लागल्या. मावशी पान चघळत म्हणाली, "कापत न्हवते गं. पिंजत व्हते."

मला वाटलं होतं, एवढ्यावर संपेल. खोटं बोलला, बोलू दे, त्यानं कुणाचं काय गेलं? पण पुढच्याच हिवाळ्यात चाचांना पोलिसांनी धरलं. दरवर्षी थंडीत ते सोलापूरच्याही पलीकडं, निजामाच्या मुलुखात दुलया पिंजायला जायचे. त्या वर्षी तिकडं धामधूम सुरू होती, आणि परतलेल्या प्रत्येक मुसलमानाकडं संशयानं बघत होते. तासगावच्या चौकीत चाचांना कोंडून ठेवलं. कोणी म्हणे लांबच्या तुरुंगात धाडणार, कोणी म्हणे सोडणारच नाहीत. गल्लीतला टँव्-टँव् आवाज बंद झाला. मावशीच्या भुवया पहिल्यांदा स्वच्छ दिसल्या. त्या काळ्याभोर होत्या.

मंत्री तेव्हा साताऱ्याला डाकबंगल्यात मुक्कामाला होता. आम्ही दोघं सर्व्हिस मोटारीनं गेलो. मावशीनं फडक्यात भाजक्या शेंगा आणि गुळाचा खडा बांधून घेतला होता. मी म्हटलं, "कशाला मावशी? त्यो खातोय व्हय आपलं?" ती म्हणाली, "मानसानं आपलं मोकळ्या हातानं जाऊ नये." सकाळभर पायरीवर बसलो. आत बोलावलं तेव्हा त्यानं मला ओळखलं, "तू कोकणी ना? ठीक आहेस?" मावशीकडं बघून "बोला बाई" म्हणाला.

"सायेब, वळखलं न्हाई?"

"कामाचं सांगा."

"आमचं मानूस चौकीत हाय. तुमी त्येला वळखता, त्येच्या घरात ऱ्हायला हायसा. दुसरं काय नगं. तुमी निस्ता येक शब्द टाका."

तो खिडकीबाहेर बघत राहिला. "परिस्थिती नाजूक आहे, बाई. मला असं मध्ये पडता येत नाही. तुम्ही रीतसर अर्ज द्या."

"अरज दिऊ," मावशी म्हणाली. "पर अरज वाचायला तवर…"

"अर्ज," तो म्हणाला. "अरज नव्हे."

 त्याच्या स्वतःच्याही लक्षात आलं असावं, कारण त्याचे कान लाल झाले, हवालदारासमोर 'दीर्घ ई' म्हणून ओरडताना झाले होते तसे. ज्यानं सगळं आयुष्य दुसऱ्याच्या तोंडातले शब्द सुधारण्यात घालवलं, त्याला स्वतःच्या तोंडातून एक शब्द टाकता येईना. मावशीनं शेंगांचं फडकं त्याच्या टेबलावर ठेवलं, वळली आणि चालायला लागली. बाहेर पायरीवर आल्यावर मला म्हणाली, "कोकण्या, आपुन उगंच घाबरत व्हतो बग. त्या दिशी म्या हवालदाराला खोटं सांगितलंच न्हवतं."

तिच्या तोंडावर हसू होतं आणि हात मात्र थरथरत होता. मावशी कापताना मी बघितली ती त्या पायरीवर, हवालदारासमोर नव्हे.

तासगावला उतरून ती घरी न जाता थेट चौकीत गेली. मी मागं, पाय ओढत. ओसरीत तोच हवालदार बसला होता. आता जमादार झाला होता. टोपीवरचा बिल्ला बदलला होता, मिशा पिकल्या होत्या. त्यानं मान वर केली आणि एकदम म्हणाला, "कोन, पिंजारीण न्हवं? आगं, तुजा येडा मास्तर कसा हाय? बरा झाला का?"

"कुटं बरा? मंत्री झालाय."

 जमादाराचं तोंड हळूहळू उघडलं. "म्हंजी… त्या दिवशी बाजारात भाषन केलं… त्यो?"

"त्योच."

"आन् त्यो मुका?"

मी भीत भीत म्हटलं, "म्या."

तो इतका हसला की आतला फौजदार बाहेर डोकावून गेला. हसून झाल्यावर डोळे पुसत म्हणाला, "मला फशिवलंस तू, बये. नोकरी गेली असती माजी." मावशी म्हणाली, "व्हय, फशिवलं. आता त्येचा दंड मला करा, माज्या मानसाला का कोंडताय? त्येनं आयुष्यात कापसाबिगर कुनाला हानलं न्हाई."  जमादार उठून आत गेला. भिंतीपलीकडून त्याचा आवाज आम्हाला ऐकू येत होता, "सायेब, ह्या घराला मी जानतो. इंग्रजाच्या वक्ताला ह्या बाईनं सवराज्याचा मानूस माज्या नाकाखाली लपिवला. माज्या नाकाखाली! असलं मानूस निजामाचं कसं आसंल? माजा शब्द हाय."

शब्द टाकला तो त्यानं. संध्याकाळी चाचा घरी आले. जेवायलाही बसले नाहीत. पिंजणीची तात ताणून बघितली आणि ठोकणं उचललं. टँव्. गल्लीतली माणसं दारात येऊन उभी राहिली.

मी पुढं पुण्याला नोकरीला निघालो, तेव्हा मावशीनं स्वतः भरलेली दुलई माझ्या खांद्यावर टाकली. मी म्हटलं, "मावशी, तुमचं लय हाय माज्यावर. कवातरी फेडीन." ती म्हणाली, "फेड की. पर शुद्ध बोलून नगं." तिला जाऊनही आता किती तरी वर्षं झाली. दुलई आहे. आतला कापूस पुन्हा ढेकळं झाला आहे.

गेल्या आठवड्यात संपादकाच्या जन्मशताब्दी समितीची मंडळी शाल घेऊन घरी आली होती. मी म्हणे साहेबांच्या सहवासातला शेवटचा हयात माणूस. तासगावात, त्याच्याच नावाच्या सभागृहात समारंभ आहे, चार शब्द बोला म्हणाले. एरवी मी घाबरून नकारच दिला असता. या वेळी हो म्हणून बसलो, आणि तेव्हापासून झोप उडाली आहे. तिथं कदाचित 'माका' तोंडात येईल. येऊ दे. पुतळ्याच्या बाजूला उभा राहीन आणि त्या दुपारी कोण कापत होतं आणि कोण पिंजत होतं ते सांगीन, मावशीच्या बोलीत, एक अक्षर न सुधारता. मावशी, तुमच्यासाठी येक शब्द टाकायचा ऱ्हायलाय. त्यो मी टाकनार हाय.